पाळकाला सुट्टी कोणी द्यायची?

मराठी मंडळ्यांतल्या निरोपसमारंभांत आणि शोकसभांत एक वाक्य हमखास ऐकू येते: अमुक पाळकसाहेब प्रभूच्या सेवेत चंदनासारखे झिजले. बोलणारा मनापासून बोलतो, ऐकणारे माना डोलावतात. साहेबांनी रक्तदाब किती वर्षे अंगावर काढला, डॉक्टरांनी बजावूनही ते उपासना घ्यायला कसे उभे राहिले, मुलांच्या शाळेत त्यांना कधी पाऊल टाकता आले नाही, हे सारे त्या भाषणात स्तुती म्हणून येते. थकव्याला आपण पवित्रतेचा पुरावा मानू लागलो आहोत. माझे म्हणणे असे की हा विचार ख्रिस्ती नाही. तो ज्याचा आहे त्याचे नाव पवित्र शास्त्रातच सापडते, आणि तो मिसरचा फारो आहे.

निर्गमच्या पाचव्या अध्यायात मोशे आणि अहरोन फारोकडे रजा मागायला जातात. तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन आम्हाला आमच्या देवाची उपासना करू द्या, एवढीच मागणी. फारोचे उत्तर कोणत्याही मुकादमाला शोभेल असे आहे: हे लोक आळसावले आहेत, म्हणून यांना देवधर्म सुचतो. मग हुकूम सुटतो की विटांसाठी लागणारा पेंढा यापुढे सरकारातून मिळणार नाही, तो ज्याचा त्याने गोळा करावा. विटांचा आकडा मात्र कमी होता कामा नये. साधने काढून घ्यायची, अपेक्षा तेवढीच ठेवायची आणि कुरकुर केली की आळशी म्हणायचे. ज्या पाळकाकडे तीन गावांच्या मंडळ्या सोपवल्या आहेत, पेट्रोलचे पैसे दोन महिने थकले आहेत आणि ज्याला पंच विचारतात की भेटी कमी का झाल्या, त्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

या विटा पाडणाऱ्यांना पुढे सीनायपाशी आज्ञा मिळाल्या. त्यांतली शब्बाथाची आज्ञा, प्रोटेस्टंट मोजणीत चौथी आणि कॅथलिक मोजणीत तिसरी, शास्त्रात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळे दिले आहे. निर्गममध्ये कारण सृष्टीचे आहे: देवाने सहा दिवसांत सर्व घडवले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादच्या पाचव्या अध्यायात कारण गुलामगिरीचे आहे: तू मिसरात दास होतास हे विसरू नकोस. पहिल्या कारणावर आपल्याकडे पुष्कळ उपदेश होतात, दुसऱ्यावर फारसे होत नाहीत. आज्ञा कोणाला उद्देशून आहे हे दुसऱ्यातच स्पष्ट होते. ती घरधन्याला उद्देशून आहे. तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, यांतल्या कोणाकडूनही त्या दिवशी काम करून घ्यायचे नाही, म्हणजे तुझ्याप्रमाणे त्यांनाही विसावा मिळेल. दासाला वेगळी आज्ञा दिलेली नाही. त्याला देऊन उपयोगही नव्हता. सुट्टी घेणे त्याच्या हातात कुठे होते?

सेवेतल्या विश्रांतीविषयी आपण बोलतो तेव्हा पत्ता चुकतो तो इथे. पाळकांच्या शिबिरात कोणीतरी पाहुणे वक्ते येतात आणि सांगतात: स्वतःची काळजी घ्या, झोप पुरी घ्या, कुटुंबाला वेळ द्या. सगळे पाळक वहीत लिहून घेतात. ज्यांनी ते ऐकायला हवे ते पंच, पास्टरेट कमिटीचे सचिव आणि बिशपसाहेब त्या शिबिरात नसतात. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या कामाची दोरी आहे त्याच्यावर ही आज्ञा आहे. ती मोडली तर दोष त्याचा, थकून पडलेल्याचा नव्हे.

असल्या शिबिरांतला लाडका दृष्टांत लाकूडतोड्याचा. जो मधूनमधून थांबून कुऱ्हाडीला धार लावतो तो दिवसअखेर जास्त लाकडे तोडतो. ऐकायला बरे वाटते, पण या दृष्टांताने सगळा घात केला आहे. त्यात हिशेब अजून लाकडांचाच आहे. विश्रांतीची किंमत तिच्यानंतर किती काम झाले यावर ठरते, म्हणजे विश्रांतीसुद्धा विटांच्या खात्यावरच मांडली जाते. चार्ल्स स्पर्जन हा एकोणिसाव्या शतकातला लंडनचा मोठा उपदेशक. मनाच्या खिन्नतेने आणि संधिवाताने तो वर्षानुवर्षे बेजार होता, आणि त्याविषयी त्याने आपल्या विद्यार्थ्यांशी जितके उघड बोलून दाखवले तितके आजही फार थोडे पाळक बोलतात. पण विश्रांतीचे समर्थन करताना त्यालाही काटकसरीचाच आधार घ्यावासा वाटला: आज थोडे थांबाल तर पुढे अधिक कराल. तो स्वतः हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मांतोंला जाई आणि १८९२ मध्ये तिथेच वारला, वयाच्या ५७ व्या वर्षी. त्याचा हिशेब चुकीचा होता असे मी म्हणत नाही. आज्ञेत तो हिशेब नाही, इतकेच. बैलाला शब्बाथ दिला तो सोमवारी नांगर जास्त ओढेल म्हणून दिलेला नाही.

शास्त्र याहूनही पुढे जाते आणि जमिनीला विसावा देते. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायची आज्ञा आहे. लोकांनी ती पाळली नाही, आणि दुसऱ्या इतिहासाच्या शेवटच्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षे मोजताना लेखक म्हणतो की या काळात जमिनीने आपले बुडालेले शब्बाथ भरून घेतले. नाकारलेली विश्रांती वाया जात नाही, ती थकबाकीसारखी साठत राहते, असे हे दाहक गणित आहे. आमोस संदेष्ट्याने तर शब्बाथ कधी संपतो आणि धान्य कधी विकायला काढतो याची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यांना खोट्या मापाच्या पापासोबत एकाच वाक्यात बसवले. आमोस सुट्टीच्या विषयाला न्यायाचा विषय मानतो. आपण मात्र तो आरोग्याचा मानतो आणि वैद्यकीय शिबिराच्या पत्रकात टाकून मोकळे होतो.

एलीयाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण ती वाचताना आपण घाई करतो. कर्मेल डोंगरावरचा एवढा विजय झाला, आणि ईजबेल राणीच्या एका धमकीने हा माणूस रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला काय सांगितले? आधी काहीच नाही. देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, देवदूताने पुन्हा उठवून खायला घातले, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. विश्वास कमी पडला, प्रार्थना कमी पडली, असला एक शब्द तिथे नाही. होरेबावरचे बोलणे नंतरचे, आणि तिथे कामाचा भार वाटून घ्यायला अलीशाचे नाव मिळते. आपल्याकडे एखादा सुवार्तिक खचला तर आपण त्याच्यासाठी उपवास-प्रार्थना ठेवतो आणि त्या प्रार्थनेत वचन सांगायलाही त्यालाच उभे करतो.

कोणी म्हणेल, प्रभू येशूने तर विसावा बाजूला ठेवून सेवा केली. मार्कच्या सहाव्या अध्यायाचा दाखला या बाजूने नेहमी दिला जातो. शिष्य गावोगाव फिरून परतले होते, माणसांची ये-जा इतकी की जेवायला सवड नव्हती. येशू त्यांना मचव्यात घालून एकांताच्या जागी न्यायला निघाला, पण लोक किनाऱ्याने धावत आधीच तिथे पोचले. त्याला कळवळा आला, त्याने शिकवले, पाच हजारांना जेवू घातले. सुट्टी बुडाली, हे खरे. पण इथे थांबू नये, पुढचे वाचावे. जेवणे उरकताच येशूने शिष्यांना मचव्यात बसवून पुढे पाठवले आणि जमावाला निरोप द्यायचे काम स्वतःकडे ठेवले. लोकांना घरी जा म्हणणे हे सेवेतले सर्वांत अप्रिय काम; ते त्याने शिष्यांवर टाकले नाही. (त्या रात्री वारा उलटा होता आणि शिष्य वल्ही मारून मारून दमले, हेही त्याच अध्यायात आहे. शास्त्र सुट्टीची जाहिरात करत नाही.) त्याआधी चौथ्या अध्यायात वादळ चालू असताना येशू मचव्याच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता. शिष्यांनी त्याला उठवताना जी तक्रार केली, आम्ही बुडतोय याची तुला पर्वा नाही का, तीच तक्रार आजही पाळकाच्या बंद दाराबाहेर ऐकू येते.

पौलाचे एक पत्र या संदर्भात फार कमी वाचले जाते. फिलिप्पैच्या मंडळीने तुरुंगातल्या पौलाच्या मदतीला एपफ्रदीताला पाठवले, आणि तो काम करता करता मरणाच्या दारी गेला. बरा झाल्यावर पौलाने त्याला ठेवून घेतले नाही, घरी पाठवून दिले, आणि मंडळीला लिहिले की याचा मानाने स्वीकार करा. काम अर्धवट टाकून आला असे कोणी म्हणू नये याची ती तजवीज होती. वरिष्ठाने दिलेली रजा कशी असावी याचा इतका सुरेख नमुना दुसरा मला ठाऊक नाही.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. आपली झिजण्याची कल्पना कुठून आली याचा एक धागा तिथे आहे. हेन्री मार्टिन हा ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री १८०६ मध्ये कलकत्त्याला उतरला तेव्हा त्याने रोजनिशीत देवासाठी जळून जाण्याची इच्छा लिहून ठेवली. १८११ मध्ये तो मुंबईमार्गे इराणला गेला, नव्या कराराचे फारसी भाषांतर पुरे केले आणि १८१२ मध्ये तुर्कस्तानातल्या तोकात गावी ३१ व्या वर्षी मेला. त्याला क्षय होता, घराण्यातच होता. विश्रांतीने तो वाचला असता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण पुढच्या पिढ्यांनी त्याच्या क्षयापेक्षा त्याच्या जळण्यालाच वंदन केले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या फळीतला सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला, आणि गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनेच.

या थडग्यांपासून मिशनांनी धडा घेतला, आणि तो शहाणपणाचा होता. मदुरा भागातल्या अमेरिकन मिशनऱ्यांची माणसे मैदानातल्या तापांनी मरू लागली तेव्हा १८४५ मध्ये त्यांनी कोडाईकनालच्या डोंगरावर घरे बांधली. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीला मिशनऱ्यांचे उन्हाळे जाऊ लागले. काही वर्षांनी एकदा मायदेशी लांब रजाही मिळू लागली. म्हणजे विश्रांती ही सेवेचा भाग आहे हे आपल्या मिशनरी पूर्वजांना पुरते कळले होते. प्रश्न असा की ती कोणाला मिळाली. साहेब डोंगरावर गेले की गावातली शाळा, उपासना आणि आजाऱ्यांच्या भेटी मराठी सुवार्तिक, मास्तर आणि बायबलबाया सांभाळत. मे महिना त्यांच्यासाठीही तितकाच तापलेला होता. बंगल्याला पंखा आणि डोंगर, वस्तीला चंदनाची उपमा, अशी वाटणी झाली. मिशनरी गेले, बंगले राहिले, आणि उपमाही राहिली. आज तीच वाटणी मराठी माणसांच्या आपसांत चालू आहे, शहरातला मोठा पाळक आणि खेड्यातला मानधनावरचा सुवार्तिक यांच्यात.

पंडिता रमाबाईंचे नाव इथे घेणे जड जाते, पण घ्यायला हवे. १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी मुली-बायकांना आणून केडगावला मुक्ती मिशन उभे केले, १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तो संसार शेकड्यांवरून हजारांवर गेला. त्यातच ऐकू येणे कमी होत गेले आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचे काम वर्षानुवर्षे चालले. या सगळ्यात खांद्याला खांदा लावणारी एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये चाळिशीत गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, भाषांतर नुकतेच हातावेगळे करून. यावर आपण भाषणे करतो. मला त्या मायलेकींच्या त्यागाविषयी शंका नाही. शंका आपल्या भाषणांविषयी आहे. ज्या मुलींना ठेवून घ्यायला दुसरे दार उघडे नव्हते त्यांचा भार एका बाईवर पडला, यात समाजाचा आणि मंडळ्यांचा काही हिशेब निघतो की नाही? हार घातला की तो प्रश्न विचारावा लागत नाही.

याच मुंबईत शब्बाथाची आज्ञा तिच्या खऱ्या पत्त्यावर पोचवली ती एका सत्यशोधकाने, हे ख्रिस्ती वाचकाने जरूर लक्षात ठेवावे. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, चर्चच्या घंटा वाजत, आणि गिरणीकामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली. लोखंड्यांनी कामगारांना स्वतःची काळजी घ्यायला सांगितले नाही. ज्यांच्या हाती भोंगा होता त्यांच्याकडे ते गेले. अनुवादचा पाचवा अध्याय याहून वेगळे काही सांगत नाही.

आज्ञेच्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल आणि गाढव आहेत. बायकोचा वेगळा उल्लेख नाही. टीकाकार म्हणतात की ‘तू’मध्ये ती धरलेलीच आहे. पाळकाच्या घरात ती धरलेली असते, पण कामात. उपासनेनंतर चहाला पंधरा माणसे, सणावारी जिल्हाभरचे पाहुणे, महिला मंडळाचे अध्यक्षपद लग्नाबरोबरच आपोआप आलेले, आणि या कशाचाही पगार नाही, म्हणून रजाही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचे पती टिळक यांच्या उदार स्वभावाने घरात येणाऱ्या माणसांचे आणि मुलांचे जे वर्णन आहे ते आपण हसत वाचतो. ते हसू लक्ष्मीबाईंच्या लेखणीचे आहे. सैपाक कोणी केला हे त्या हसण्यात दबून जाते. मार्थेला येशूने समजावले तो प्रसंग सांगणारे पुरुष स्वतः त्या दिवशी भांडी घासत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

पाळकाचा रविवार तर सुट्टी होऊच शकत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी सोमवार ठरवून देतात. चांगले आहे, पण पुरेसे नाही. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने कारखान्याची यंत्रे कधीच थांबू नयेत म्हणून कामगारांना पाळीपाळीने निरनिराळ्या दिवशी सुट्टी देणारा पाच दिवसांचा आठवडा काढला. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. लोक वैतागले, आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा परत आणावा लागला. पाळकाचा सोमवार असाच असतो: मुले शाळेत, बायको नोकरीवर, आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी सहापासून प्रार्थनेच्या विनंत्या. त्याला महिन्यातून निदान एक शनिवार-रविवार मिळायला हवा, आणि त्या रविवारी उपदेशाला दुसरे कोणी उभे राहायला हवे. शिकलेली, शास्त्र जाणणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. त्यांची आठवण आपल्याला फक्त वर्गणीच्या वेळी होते.

कडक शब्बाथवाल्यांचीही एक अडचण सांगून टाकतो. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या फेऱ्या रविवारी होत्या म्हणून नाव मागे घेतले आणि चारशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले, हे शब्बाथ शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. तो चीनमध्ये मिशनरी झाला, जपान्यांच्या वैशियेन छावणीत कैद झाला, आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. त्या छावणीत मुले रविवारी खेळताना भांडू लागली तेव्हा हाच लिडेल रविवारी पंच म्हणून मैदानात उतरला. नियम त्याने मुलांसाठी वाकवला, स्वतःच्या पदकासाठी वाकवला नव्हता. विश्रांतीचा नियम कोणासाठी वाकवावा आणि कोणासाठी नाही, याचे एवढे उदाहरण पुरे आहे. आजारी माणसाची हाक आली, दारात मरण आले, तर पाळक सोमवारीही जाईल. कोणी अडवू नये. पण वर्गणीचा हिशेब, बॅनरचा मजकूर आणि पंचांच्या घरचा वाढदिवस या हाका नव्हेत.

कॅथलिक बांधवांकडे या बाबतीत एक सोय आहे जी आपण प्रोटेस्टंटांनी निमूटपणे उचलावी. १९८३ च्या धर्मसंहितेत, ५३३ व्या कलमात, धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला वर्षाला एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते असे लिहिले आहे, आणि वार्षिक ध्यानशिबिराचे दिवस त्यात धरायचे नाहीत असेही. वसईच्या धर्मगुरूंना ती प्रत्यक्षात किती मिळते हे तेच सांगतील, पण कागदावर हक्क आहे, आणि मागताना मान खाली घालावी लागत नाही. त्याहून जुना कागद हवा असेल तर गणनाचा आठवा अध्याय आहे. लेव्यांनी पंचविसाव्या वर्षी सेवेत यावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या जड कामातून निवृत्त व्हावे. त्यानंतर भाऊबंदांना हातभार लावावा, पण सेवेचा भार उचलू नये. निवासमंडपाचे काम देवाचेच होते, तरी देवाने त्याला वयाची मर्यादा घातली.

येत्या वार्षिक सभेत कमिटीच्या सभासदांनी चार गोष्टी ठराव म्हणून मांडाव्यात आणि इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात: पाळकाला आठवड्याचा एक दिवस, महिन्याचा एक रविवार, वर्षाची सलग रजा, आणि त्या काळात उपासना कोण घेणार त्यांची नावे. मंडळीत मानधनावर काम करणारे सुवार्तिक, चर्चचे शिपाई आणि झाडलोट करणाऱ्या बाई यांची नावेही त्याच ठरावात घ्यावीत, कारण आज्ञेची यादी पाळकावर संपत नाही. ठराव मांडायला पाळकाला सांगू नये.